साताऱ्या-सांगलीतून रेडिओवर क्रीडानिवेदक व्हायचे असेल तर

रेडिओवर खेळाविषयी बोलणारे निवेदक बहुधा मैदानातून, वृत्तपत्राच्या क्रीडापानावरून किंवा उद्घोषकाच्या खुर्चीतून येतात. मराठी क्रिकेट समालोचन घरोघरी पोहोचवणारे बाळ ज. पंडित स्वतः रणजी सामने खेळले होते. तरीही माझ्या मते खेळाडू असण्यापेक्षा खेळ आतून कळणे अधिक महत्त्वाचे आहे.

आपल्या भागात सुरुवात कुस्तीपासून करावी. यात्रेतील मैदानात आखाड्याच्या कडेला बसून एका कुस्तीचे वर्णन मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे आणि घरी डोळे मिटून ऐकावे. ‘जबरदस्त डाव!’ एवढेच ऐकू आले, तर श्रोत्याला काहीच दिसलेले नसते. पण ‘लाल लांगेच्या मल्लाने डावा हात मानेवर ठेवला आणि झटक्यात वाकून एकेरी पट काढला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एक पाय धरून ओढला’ असे ऐकू आले, तर कुस्ती त्याच्या डोळ्यांसमोर उभी राहते. हा सराव निदान एक हंगामभर, खंड न पडू देता करावा.

सोबत नोंदवही ठेवावी. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांचे १९५२चे हेलसिंकी ऑलिंपिकमधील कांस्यपदक, कवठेपिरानच्या मारुती मानेंचे १९६२च्या जकार्ता आशियाई स्पर्धेतील सुवर्णपदक, माणदेशी ललिता बाबरचा २०१६च्या रिओ ऑलिंपिकमधील स्टीपलचेस या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अंतिम फेरीतील दहावा क्रमांक, हे तपशील ऐनवेळी शोधावे लागू नयेत.

पुढे आकाशवाणीच्या सांगली केंद्रात नैमित्तिक, म्हणजे गरजेप्रमाणे बोलावल्या जाणाऱ्या, उद्घोषकांसाठी जाहिरात निघाली की स्वरचाचणी द्यावी. या कामाचे मानधन पाळीप्रमाणे मिळते, म्हणून पहिली काही वर्षे दुसरी नोकरी सोडू नये.