ॲलिस्टर सिम यांचे चित्रपट कोणत्या क्रमाने आणि कसे पाहावेत

तऱ्हेवाईक माणसे रंगवणारे चरित्र अभिनेते ब्रिटिश चित्रपटांना कधी कमी पडले नाहीत. तरीही ॲलिस्टर सिम (१९००–१९७६) यांच्या तोडीचे त्यांत थोडेच निघतील. त्यांची कारकीर्द नीट समजून घ्यायची असेल, तर चित्रपट सालवारीने पाहू नयेत. १९३५ साली ते पडद्यावर आले आणि पुढची काही वर्षे त्यांच्या वाट्याला प्रामुख्याने दुय्यम भूमिका आल्या. तेथून आरंभ केल्यास विचित्र चेहऱ्याचा आणखी एक विनोदी नट एवढाच ग्रह होण्याची शक्यता असते, आणि तो ग्रह पुढे पुसणे कठीण जाते.

पहिला चित्रपट पाहण्याआधी एक गोष्ट मात्र ठाऊक असावी. सिम हे एडिंबरोच्या एका शिंप्याचे पुत्र. १९२५ ते १९३० या काळात ते एडिंबरोच्या न्यू कॉलेजात वक्तृत्व व शुद्ध उच्चार शिकवत होते. १९३० साली लंडनच्या सॅव्हॉय नाट्यगृहात पॉल रोबसन यांची प्रमुख भूमिका असलेल्या ‘ऑथेल्लो’मध्ये त्यांना लहानसे काम मिळाले, म्हणजे व्यावसायिक रंगभूमीवर ते तिशीच्या उंबरठ्यावर आले. त्यांच्या अभिनयाचा कणा आवाज आहे, तो का, हे यावरून उमगते. म्हणूनच प्रत्येक महत्त्वाचा प्रसंग दोनदा पाहावा: एकदा सबटायटल वाचत आणि दुसऱ्यांदा ती बंद करून, केवळ वाक्य कोठे लांबते, कोठे मध्येच थांबते आणि कोणता शब्द अकारण गोंजारला जातो याकडे कान देऊन.

आरंभ ‘ग्रीन फॉर डेंजर’ (१९४६) या सिडनी गिलियट यांच्या रहस्यपटाने करावा. १९४४ साली जर्मन उडत्या बॉम्बच्या सावटाखाली असलेल्या एका ग्रामीण रुग्णालयात शस्त्रक्रियेच्या टेबलावर रुग्ण दगावतो आणि तपासासाठी इन्स्पेक्टर कॉक्रिल येतो. सिम पडद्यावर येईपर्यंत बराच भाग उलटून गेलेला असतो. तोवर त्यांचा केवळ निवेदनाचा आवाज ऐकू येतो, आणि ही प्रतीक्षा फायद्याचीच ठरते. हा इन्स्पेक्टर आत्मसंतुष्ट आहे, संशयितांना खिजवण्यात त्याला उघड आनंद वाटतो आणि बॉम्बचा आवाज येताच तो जीव मुठीत धरून आडोसा शोधतो. अंथरुणात पडून गुप्तहेर कादंबरी वाचताना खुनी आपल्याला केव्हाच कळला आहे अशा थाटात तो शेवटचे पान उघडतो, तो प्रसंग मुद्दाम थांबून पाहावा. तेथे एकही शब्द नाही. चेहऱ्यावरची ऐट हळूहळू उतरत जाते, एवढेच. सिम यांची खुबी येथेच सापडते: त्यांचे पात्र स्वतःला कधीही विक्षिप्त समजत नाही. ते आपली प्रतिष्ठा जिवापाड जपत असते आणि परिस्थिती तीच नेमकी हिसकावून घेते.

ही खूणगाठ बांधून मग विनोदी चित्रपटांकडे वळावे. फ्रँक लाँडर यांच्या ‘द हॅपिएस्ट डेज ऑफ युवर लाइफ’ (१९५०) मध्ये सरकारी गोंधळामुळे मुलांच्या शाळेत मुलींची शाळा येऊन थडकते. मुख्याध्यापक सिम आणि मुख्याध्यापिका मार्गारेट रदरफर्ड यांची जुगलबंदी पाहताना बोलणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याकडे लक्ष ठेवावे. सिम यांची निम्मी विनोदबुद्धी ऐकण्यात आहे. ‘लाफ्टर इन पॅराडाइज’ (१९५१) मध्ये वारसाहक्क मिळवण्यासाठी तुरुंगात जाणे भाग पडलेला एक सभ्य गृहस्थ दुकानात चोरी करू पाहतो आणि त्याला ती काही केल्या जमत नाही. माझ्या मते त्यांच्या शारीरिक अभिनयाचा हा सर्वोत्तम नमुना आहे. ‘द बेल्स ऑफ सेंट ट्रिनियन्स’ (१९५४) मधील मुख्याध्यापिका आणि तिचा भाऊ अशा दुहेरी भूमिकेची कीर्ती मोठी असली, तरी तो चित्रपट या दोहोंनंतर पाहावा. स्त्रीवेषाची गंमत ओसरल्यावर उरणारी मिस फ्रिटनची शांत, गोड बेफिकिरी तेव्हाच जाणवते.

यानंतर ‘स्क्रूज’ (१९५१), चार्ल्स डिकन्स यांच्या ‘अ ख्रिसमस कॅरल’ या कथेवरचा चित्रपट; नाताळच्या रात्री भुतांच्या भेटीने बदलून जाणारा कंजूष म्हातारा स्क्रूज सिम यांनी रंगवला आहे. अमेरिकेत तो ‘अ ख्रिसमस कॅरल’ या नावाने आला, त्यामुळे शोधताना दोन्ही नावे ध्यानात ठेवावीत, आणि नंतर रंगवलेली प्रत टाळून मूळ कृष्णधवल प्रतच मिळवावी. बहुतेक प्रेक्षक पात्राच्या कंजूषपणाकडे पाहतात; आपण भीतीकडे पाहावे. अखेरच्या सकाळी आपण एवढ्या सुखाला पात्र नाही असे हा म्हातारा स्वतःला बजावतो, तरी हसू त्याला आवरत नाही, शेवटी तो डोके खाली पाय वर करतो आणि घर सांभाळणारी बाई किंचाळत पळते. पूर्वीच्या चित्रपटांत परिस्थितीने हिसकावलेली प्रतिष्ठा येथे पात्र स्वतःहून टाकून देते.

‘ॲन इन्स्पेक्टर कॉल्स’ (१९५४) लगेच त्यानंतर पाहिल्यास तोच नट तऱ्हेवाईकपणाचे सारे अवजार बाजूला ठेवून केवळ स्थिरतेने केवढा दबाव आणू शकतो हे कळते.

जॉर्ज कोल यांच्यावरही नजर असू द्यावी. युद्धकाळात किशोरवयात ते सिम दांपत्याच्या घरी राहिले आणि त्यांच्याच तालमीत तयार झाले. ‘स्क्रूज’मधील तरुण स्क्रूज तेच आहेत.

रंगभूमीवरचे सिम, म्हणजे स्कॉटिश नाटककार जेम्स ब्रायडी यांची नाटके किंवा वर्षानुवर्षे केलेला ‘पीटर पॅन’मधील कॅप्टन हूक, आता पाहायला मिळत नाहीत. मुलाखती देणे आणि स्वाक्षऱ्या करणे त्यांना नापसंत असल्याने त्यांच्याच तोंडून अभिनयाची उकल ऐकण्याची आशाही धरू नये. त्याऐवजी रिचर्ड विल्यम्स यांचा ‘अ ख्रिसमस कॅरल’ हा १९७१ चा ऑस्करविजेता ॲनिमेशनपट शोधावा. त्यात वीस वर्षांनंतर सिम यांनी स्क्रूजला आणि मायकेल हॉर्डर्न यांनी मार्लीला, म्हणजे स्क्रूजच्या मृत भागीदाराच्या भुताला, पुन्हा आवाज दिला आहे. तो आधी डोळे मिटून ऐकावा आणि मगच चित्रांसह पाहावा.