लैंगिक छळाची तक्रार कंपनी दाबून ठेवते तेव्हा

एचआरच्या कानावर घातले, साहेबांनाही सांगितले, ते ‘बघतो’ म्हणाले. बहुतेक प्रकरणे इथेच रुततात. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरोधातील २०१३च्या कायद्यानुसार तक्रार लेखी असावी लागते आणि ती अंतर्गत समितीकडे, म्हणजे अशा तक्रारींच्या चौकशीसाठी कंपनीत नेमलेल्या समितीकडे, द्यावी लागते. एचआरशी झालेले बोलणे तक्रार ठरत नाही. मुदत घटनेपासून तीन महिने. प्रकार वारंवार घडला असेल तर शेवटच्या घटनेपासून. सबळ कारण नोंदवून समिती ती आणखी तीन महिने वाढवू शकते, पण त्या आशेवर थांबू नका. ‘बघतो’ म्हणणाऱ्याचे काही जात नाही, मुदत तुमची सरते.

१. आधी नोंद

प्रत्येक घटनेची तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द आणि तिथे कोण होते, हे त्याच दिवशी लिहा. ‘त्याचे वागणे घाणेरडे होते’ याचा चौकशीत फारसा उपयोग नाही. तो काय म्हणाला, कुठे हात लावला, हे लिहा. मेसेजचे स्क्रीनशॉट घ्या, पण मूळ चॅट पुसू नका आणि फोन विकू नका. पुढे खरेपणावर शंका आली तर मूळच दाखवावे लागते. कंपनीच्या गोपनीय फायली मात्र स्वतःच्या मेलवर पाठवू नका. मूळ विषय बाजूला ठेवून तुमच्यावरच कारवाई करायला ते आयते निमित्त होते.

२. समितीकडे तक्रार

दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी समिती बंधनकारक आहे. अध्यक्ष वरिष्ठ पदावरील महिला, निम्म्या तरी सदस्य महिला आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा, असे तिचे स्वरूप असते. तक्रारीच्या सहा प्रती द्या, सोबत पुरावे आणि साक्षीदारांची नावे-पत्ते. एक प्रत स्वतःकडे ठेवून त्यावर पोच घ्या. पोच द्यायला टाळाटाळ झाली तर स्पीड पोस्टने पाठवा, ईमेलही करा आणि पावती जपा. पुढची सगळी लढाई या तारखेवर चालते: सात कामकाजी दिवसांत समोरच्याला प्रत, त्याचे उत्तर दहा कामकाजी दिवसांत, चौकशी ९० दिवसांत पूर्ण.

त्याच वेळी अंतरिम दिलाशाचा, म्हणजे चौकशी चालू असतानाच्या तात्पुरत्या संरक्षणाचा, वेगळा लेखी अर्ज द्या. तो मागितल्याशिवाय मिळत नाही, आणि हेच अनेकींना माहीत नसते. त्याची किंवा तुमची बदली, हक्काच्या रजेव्यतिरिक्त तीन महिन्यांपर्यंत रजा, तुमच्या कामाचे मूल्यमापन त्याच्याकडून काढून घेणे, हे सारे समिती सुचवू शकते. ‘आपसात मिटवा’ असा आग्रह झाला तर लक्षात ठेवा, समेट तुम्ही मागितला तरच होतो, आणि पैसे घेऊन मिटवणे कायद्याला मान्य नाही.

३. समितीच नसेल, किंवा आरोप मालकावर असेल

दहापेक्षा कमी कर्मचारी असतील किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तिचा पत्ता जिल्हाधिकारी कार्यालयात किंवा जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्यांकडे मिळतो. कंपनी मोठी असूनही समिती नेमलेली नसेल तर व्यवस्थापनाला लेखी तक्रार द्या, तिची प्रत जिल्हा अधिकाऱ्यांना पाठवा आणि अशा तक्रारींसाठी असलेल्या केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही नोंदवा. समिती न नेमणाऱ्या मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पुन्हा दोषी ठरल्यास दुप्पट, शिवाय परवानाही जाऊ शकतो.

४. पोलीस

समितीचा निकाल लागेपर्यंत थांबायची सक्ती नाही. भारतीय न्याय संहितेत लैंगिक छळासाठी कलम ७५, पाठलागासाठी ७८ आहे. गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, हद्दीचे कारण चालत नाही. ठाण्यात नकार मिळाला तर पोलीस अधीक्षकांना लेखी पाठवा, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करा. पोलिसांत जायचे ठरवल्यास तुम्हाला मदत करणे हे मालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे.

५. अहवाल आला, कारवाई नाही

चौकशी संपल्यावर दहा दिवसांत अहवाल द्यावा लागतो, आणि त्याची प्रत तुम्हालाही मिळायला हवी. ती मागून घ्या. मालकाने ६० दिवसांत शिफारशी अमलात आणायच्या असतात. निष्कर्ष पटला नाही किंवा अंमलबजावणीच झाली नाही तर अपील करता येते, शिफारशींपासून ९० दिवसांत. इथे वकील लागेलच. समितीपुढे मात्र कुठल्याच बाजूला वकील उभा करता येत नाही. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही.

‘सिद्ध झाले नाही तर तुझ्यावरच कारवाई’ ही धमकी हमखास दिली जाते. केवळ पुरावा कमी पडला म्हणून तक्रारदारावर कारवाई होत नाही. त्यासाठी हेतुपुरस्सर खोटेपणा चौकशीत सिद्ध व्हावा लागतो. राजीनामा देण्याची घाई नको. दिलाच असेल, तरी मुदतीत असलेली तक्रार करायला त्याची आडकाठी नाही.

हा कायदा महिलांपुरता आहे. पुरुष कर्मचाऱ्याला सेवानियमांखाली लेखी तक्रार करता येते. मारहाण, धमकी असे काही असेल तर त्यालाही पोलिसांत जाता येते.