हेकेल आलेखात सापेक्ष घनता 1 च्या वर जात असेल तर

रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या प्रयोगशाळेत मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजची (औषधी गोळ्यांत वापरतात ती) भुकटी दाबून पाहताना हेकेल आलेख, म्हणजे दाबाविरुद्ध ln[1/(1 − सापेक्ष घनता)] चा आलेख, मोठ्या दाबाला एकाएकी वर वळत असे, आणि सापेक्ष घनता (गोळीची घनता भागिले भुकटीची खरी घनता) 1 ओलांडल्यावर लॉगॅरिथम काढताच येत नसे. कोकणात पहिला संशय पावसाळी दमट हवेवर जातो. म्हणून भुकटी वाळवली, हेलियम पिक्नोमीटरने खरी (पोकळ्या वगळून येणारी) घनता पुन्हा मोजली, डायच्या (गोळीच्या साच्याच्या) भिंतीला मॅग्नेशियम स्टिअरेट हे वंगणही लावले. काही केल्या फरक पडेना, याचा फार वैताग आला.

भुकटी निर्दोष होती. दाबाखाली पंच (डायमध्ये भुकटी दाबणारे दांडे) स्वतःच किंचित आखूड होतात, आणि विस्थापनाचा संवेदक पंचाच्या टोकापासून दूर असल्याने ती घट गोळीच्या नावावर जमा होते. 3 मिमी जाडीत 0.1 मिमीचा फरक पडला, तरी 0.97 ही सापेक्ष घनता 1.003 दिसते.

प्रथम डायमध्ये भुकटी न भरता सपाट तोंडाचे दोन्ही पंच एकमेकांवर टेकवावेत आणि प्रयोगातील कमाल बलापर्यंत, अर्थात पंचांच्या मर्यादेतच, सावकाश दाबून प्रत्येक बलाचे विस्थापन नोंदवावे. आरंभीचा भाग बहुधा वक्र असतो, त्यामुळे एका सरळ रेषेवर न भागवता पूर्ण वक्र बसवणे मला श्रेयस्कर वाटते. नंतर भुकटीच्या प्रत्येक नोंदीत, त्या बलाची घट मोजलेल्या जाडीत मिळवावी आणि सापेक्ष घनता नव्याने काढावी. मग आलेखाच्या सरळ भागाचाच उतार घ्यावा. त्याचा व्यस्तांक म्हणजे सरासरी यील्ड दाब, म्हणजे ज्या दाबाला भुकटीचे कण कायमचे विरूप होऊ लागतात तो. पंच बदलल्यास ही मोजणी पुन्हा करावी लागते.