सिमेंटची उशी, ब्राँझची बोटं

आईनं विड्या वळायचं सोडलं त्याला चार वर्षं झाली, पण झोपेत तिची बोटं अजून चालतात. अंगठा तर्जनीवरून घसरतो, परत मागं येतो. दिवसाला हजार विड्या वळलेला हात तो, त्याला सुट्टी कुठली कळायला. ते बघून मी सिमेंटची उशी केली आणि तिच्यातून ब्राँझची पाच बोटं उगवली. असं शिल्प करायचं असेल तर माझी पद्धत सांगते.

आधी विषय. भावनेला चेहरा देऊ नका. रडका चेहरा घडवला की बघणारा 'दुःख' म्हणतो आणि पुढं सरकतो. त्यापेक्षा रोजची वस्तू घ्या आणि तिचा एकच गुण उलटा करा. मेरेट ओपेनहाइम या चित्रकर्तीनं १९३६ साली कप, बशी आणि चमचा केसाळ कातड्यानं मढवले. बघतानाच ओठांना कसंतरी होतं. माझी उशी मऊ असायची ती दगडासारखी झाली, त्यात बोटं आली, बस. पहिल्या चित्रात मी उशीला डोळासुद्धा काढला होता. आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतल्या भुताच्या तंबूवर शोभला असता.

सिमेंट म्हणजे गरिबाचं ब्राँझ, असं समजू नका. शिल्पकार रामकिंकर बैज यांनी १९३८ साली शांतिनिकेतनात 'संथाल परिवार' सिमेंट आणि मुरमाच्या खड्यांतच उभं केलं. माक्स अर्न्स्टचं 'कॅप्रिकॉर्न' हे शिल्प १९४८ मध्ये आधी सिमेंटात झालं, ब्राँझमध्ये ते नंतर ओतलं गेलं.

आता बोटं. ती आधी करायची, कारण ओल्या सिमेंटात रोवायची असतात. दातांचे डॉक्टर माप घ्यायला जी अल्जिनेट पावडर वापरतात ती पाण्यात कालवून तांब्यात घ्या आणि हात बुडवा. दोन-तीन मिनिटांत घट्ट होते. आई म्हणाली, "काय करायलीस गं, हात चिकटायलाय की!" हात हळूच हलवत काढला की पोकळीत मेण ओता, पण उकळतं नको; कडेला साय धरायला लागलं की ओता. नखाखालची रेघसुद्धा उतरते. बोटं सुटी कापून घ्या आणि प्रत्येकाच्या बुडाला मेणाची दोन इंची वाकडी मुळी जोडा. सिमेंटात पकड तीच धरते.

ओतारी या मेणाभोवती साचा करतो, मेण वितळवून काढतो आणि त्या पोकळीत ब्राँझ ओततो. म्हणून आधी मेणाचं वजन करा. ब्राँझ त्याच्या साधारण साडेनऊ पट भरतं: ११० ग्रॅम मेण म्हणजे किलोभर धातू, शिवाय ओतवाटांचा, म्हणजे धातू साच्यात उतरायच्या वाटांचा, वेगळा. ओतकाम घरी करू नका. साच्यात ओल राहिली तर हजार अंशाचा धातू अंगावर उडतो. ओतारी गाठा आणि मिश्रधातू स्पष्ट सांगा, नाहीतर पितळ गळ्यात पडेल. मी ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं पाच-पाच टक्के असं घेतलं. यंत्रातल्या बुशसाठी वापरतात तेच गनमेटल. आणि मे महिन्यात मेण घेऊन दुपारी निघू नका. माझी पहिली पाचही बोटं विडी घरकुल वसाहतीतून अशोक चौकापर्यंत जाईतो डिकीत लोळली. आता बर्फाच्या बाटलीशेजारी डब्यात नेते.

उशीसाठी कापडाचा साचा. मी आधी टॉवेल शिवला, सोलापुरात तो स्वस्त म्हणून. टॉवेलाचे सगळे फासे सिमेंटात अडकले आणि शिल्पाला दाढी आली. घट्ट विणीचं मांजरपाट घ्या, किंवा धुऊन धुऊन लव गेलेली चादर. विणीचा ठसा सुरेख उठतो. जादा पाणी कापडातून झिरपून जातं, त्यामुळं वरचा थर दाट येतो. बारा बाय अठरा इंचाच्या उशीला सात किलो सिमेंट, चौदा किलो चाळलेली वाळू, तीन लिटर पाणी. पिठल्याइतपत सैल हवं. भरताना आतमध्ये कोंबडीजाळी ठेवा, पण तिचा ब्राँझला स्पर्श नको. दोन धातू ओलीत भेटले की लोखंड गंजतं, फुगतं आणि उशी तडकते. तोंड शिवून उशी आडवी करा, डोक्याचा खळगा मुठीनं दाबा, कापडाला चिरा देऊन बोटं रोवा. दुसऱ्या दिवशी कापड ओलं करून सोला.

पाणी मारणं मात्र चुकवू नका. आमच्याकडं नळ चार-पाच दिवसांनी येतो, म्हणून मी ओलं गोणपाट गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधते; दोन तांबे दिवसाला पुरतात. किमान सात दिवस, जमलं तर चौदा.

बोटांची टोकं मला जर्द्यानं डागलेली हवी होती. उकडलेलं अंडं कुस्करून बंद डब्यात बोटांशेजारी ठेवलं, गंधकानं रंग चढला. हे रोवायच्या आधी करायचं. शिल्प पावसात ठेवणार असाल तर हिरवे ओघळ उशीवर येणार, ते धरून चाला.

शिल्प ओट्यावर न ठेवता जमिनीवर, चटईवर ठेवलं. आई वाकली, बघितलं आणि म्हणाली, "अंगठा चुकलाय. वळताना तो वर असतो." अंगठा तोवर सिमेंटात पक्का झाला होता. तेव्हा ज्याचा हात आहे त्याला मेणातच दाखवून घ्या. मेणात असताना अंगठा फिरवायला तापलेला चमचा पुरतो.