नव्या सल्लागाराने ओळखी कशा वाढवाव्यात

नोकरी सोडून भोसरी-चाकण पट्ट्यातील लहान कारखान्यांना गुणवत्ता व्यवस्थापनाचा सल्ला देण्याचे काम मी सुरू केले, तेव्हा पहिले चार महिने नुसती कार्डे वाटण्यात गेले आणि काम एकही मिळाले नाही. समोर येईल तो आपला ग्राहक होईल का, एवढेच मी पाहत होतो. पुढे लक्षात आले की काम बहुधा त्या माणसाकडून येत नाही, त्याच्या ओळखीतल्या कोणाकडून तरी येते. म्हणून ऐकणाऱ्याला पुढे दुसऱ्याला जसेच्या तसे सांगता येईल, असे आपल्या कामाचे एक वाक्य आधी तयार करावे. ‘मी आयएसओ कन्सल्टंट आहे’ असे सांगणारे प्रत्येक औद्योगिक वसाहतीत भेटतात. पण ‘मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्याचा माल रिजेक्ट होऊन परत येत असेल, तर त्याचे कारण शोधून ते थांबवायला मी मदत करतो’ असे म्हटले, की ऐकणाऱ्याला आपला मेव्हणा किंवा शेजारच्या गाळ्याचा मालक आठवतो.

सुरुवात जुन्या ओळखींपासून करावी. पूर्वीचे सहकारी आणि वर्गमित्र यांना फोन करून आपण काय सुरू केले आहे ते सांगावे, मात्र आधीच्या कंपनीची गोपनीय माहिती कोठेही वापरू नये. त्याहून मोलाची माणसे म्हणजे मालकाच्या केबिनमध्ये ज्यांचे नेहमी जाणे-येणे असते ती: चार्टर्ड अकाउंटंट, यंत्रांचे विक्रेते, मोजमापाची उपकरणे तपासून देणाऱ्या प्रयोगशाळांचे लोक. कारखान्याची अडचण त्यांना आपल्या कितीतरी आधी कळते. त्यांच्याकडे काम मागू नये. त्यांच्या ग्राहकांना कोणते प्रश्न भेडसावतात ते विचारावे, आणि आपल्याला शक्य असेल तेव्हा त्यांनाही एखादा ग्राहक जोडून द्यावा. माझे पहिले काम अशाच एका प्रयोगशाळेतील माणसाने सुचवले होते.

प्रत्यक्ष भेटींसाठी पुण्यात जागांची वाण नाही. १९३४ साली स्थापन झालेल्या मराठा चेंबर या उद्योग-व्यापाऱ्यांच्या संघटनेचे कार्यक्रम, चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमधील प्रदर्शने, मराठी उद्योजकांचा सॅटर्डे क्लब, एकमेकांना ग्राहक सुचवणाऱ्या व्यावसायिकांच्या बीएनआय या संघटनेच्या दर आठवड्याच्या बैठका अशी पुष्कळ ठिकाणे आहेत. बीएनआयच्या एका शाखेत एका व्यवसायाचा एकच सदस्य घेतात, त्यामुळे आपली जागा रिकामी आहे का, हे आधी विचारावे; शिवाय वर्गणी भरण्यापूर्वी पाहुणा म्हणून एकदा बसून, तेथील किती जणांचा कारखानदारांशी रोजचा संबंध येतो ते पाहावे. सगळीकडे नाव नोंदवण्यापेक्षा एकाच ठिकाणी वर्षभर नेमाने जाणे मला अधिक फलदायी वाटते. प्रदर्शनात गर्दीच्या वेळी स्टॉलवर मालकाला अडवून ठेवू नये. सकाळी दारे उघडताच गेल्यास दहा मिनिटे निवांत बोलणे होते.

भेट झाल्यावर कार्डाच्या मागे तारीख, ठिकाण आणि बोलण्यातला एक मुद्दा लिहून ठेवावा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निरोप धाडावा. तो साधारण असा असावा: ‘नमस्कार साहेब, काल चिंचवडला भेट झाली. ड्रिलिंगनंतर भोकाच्या कडेला राहणाऱ्या धातूच्या बरबद्दल आपण बोललो होतो. त्यासाठी तपासणीचा एक पानी तक्ता पाठवत आहे, उपयोगी पडावा.’ त्यात दराचा किंवा भेटीच्या वेळेचा उल्लेख नसावा. गरज असेल तर समोरून फोन येतो. न आल्यास महिन्या-दीड महिन्याने विचारपूस करावी.

लिंक्डइनवर नावाखाली पदव्यांऐवजी सुरुवातीला सांगितलेले कामाचे वाक्यच लिहावे. आठवड्यातून एकदा, कामात दिसलेली एखादी अडचण आणि तिच्यावरचा उपाय दीडशे-दोनशे शब्दांत मांडावा. मराठीतून लिहिल्यास लहान कारखान्यांचे मालक ते वाचतात आणि व्हॉट्सअॅपवर पुढेही पाठवतात. ग्राहकाचे नाव, ड्रॉइंग किंवा शॉप फ्लोअरवरचा फोटो परवानगीशिवाय कधीही टाकू नये, कारण तो भाग ज्या मोठ्या कंपनीसाठी बनतो, तिच्याशी ग्राहकाने गोपनीयतेचा करार केलेला असू शकतो. उद्योजकांच्या व्हॉट्सअॅप गटात जाहिरात टाकण्याऐवजी कोणी विचारलेल्या प्रश्नाला नीट उत्तर द्यावे.

कोणाच्या शब्दावरून काम मिळाले, तर त्या माणसाला तीन वेळा फोन करावा: पहिली भेट झाल्यावर, काम ठरल्यावर आणि काम संपल्यावर. काम हातचे गेले, तरी तेही त्याला आपणच कळवावे.