डिझायनर सहकारी खरोखर उघडतील अशी कार्यालयीन मार्गदर्शिका कशी तयार करावी

रत्नागिरी-देवगड पट्ट्यात पॅकेजिंगची कामे करणाऱ्या डिझाइन स्टुडिओत मार्चपासून मेअखेरपर्यंत हापूसच्या पेट्यांची घाई असते आणि नव्या सहकाऱ्याला शेजारी बसवून शिकवायला कोणालाच उसंत नसते. म्हणून मार्गदर्शिका पावसाळ्यात लिहून घ्यावी. फॉन्ट, लोगो आणि रंगांची मूल्ये एका सामायिक फोल्डरमध्ये आणणे हे एका दुपारचे काम आहे.

कस लागतो तो पानांची विभागणी करताना, आणि मीही सर्वाधिक काळ इथेच अडखळलो. सॉफ्टवेअरनिहाय प्रकरणे पाडावीत, हा सर्रास दिला जाणारा सल्ला माझ्या मते निरुपयोगी आहे, कारण अडलेल्या माणसाला आपली अडचण कोणत्या प्रकरणात मोडते हेच ठाऊक नसते. कोकम सरबताच्या लेबलवर ‘स्वादिष्ट’ लिहिताना जोडाक्षरे फुटली आणि पहिली वेलांटी भलत्याच जागी गेली, तर तो ‘कंपोजरची निवड’ या नावाचे पान कधीही शोधणार नाही. ‘जोडाक्षरे तुटतात, वेलांटी सरकते’ हे शीर्षक मात्र त्याला लगेच सापडेल. त्या पानाच्या पहिल्याच ओळीत उपाय असावा: इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ हा अक्षरजुळणीचा पर्याय निवडावा. कारणमीमांसा त्याखाली द्यावी आणि तीही दोन ओळींतच.

अशी शीर्षके स्वतःच्या मनाने रचू नयेत. कार्यालयाच्या व्हॉट्सॲप गटावर गेल्या हंगामात जे प्रश्न आले, तेच विचारणाऱ्याच्या शब्दांत उचलावेत, व्याकरण सुधारण्याचा मोहही टाळावा. हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन (जीआय) मिळाले असल्याने ‘ग्राहक जीआय चिन्ह टाका म्हणतो, टाकू का?’ हा प्रश्न ठरलेलाच. त्या पानाचे उत्तर असे, की ग्राहकाची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असल्याचा पुरावा हाती आल्याखेरीज चिन्ह टाकू नये. एका पानावर एकच प्रश्न ठेवावा. दोन प्रश्न जवळचे वाटले तरी ते एकत्र करू नयेत.

मोघम विशेषणे निर्दयपणे काढून टाकावीत. ‘शाकाहारी चिन्ह पुरेसे मोठे ठेवावे’ ही सूचना नव्हे, कारण पुरेसे म्हणजे किती हे विचारायला सहकारी पुन्हा तुमच्याकडेच येतो. वेष्टनाचा मुख्य दर्शनी भाग 100 चौरस सेंटीमीटरपर्यंत असेल तर हिरव्या वर्तुळाचा व्यास किमान 3 मिलीमीटर आणि चौकोनाची बाजू व्यासाच्या दुप्पट, असे लिहिले की प्रश्न मिटतो. नियम बदलू शकतात. त्यामुळे अशा पानावर शेवटच्या तपासणीची तारीख आणि तपासणाऱ्याचे नाव हवेच.

पाने तयार झाल्यावर सर्वांत नव्या सहकाऱ्याला त्यांच्या आधारे एक लेबल पूर्ण करायला सांगावे आणि आपण शेजारी मौन पाळून बसावे. हे मौन ज्येष्ठांना जमत नाही, हात लगेच माउसकडे जातो. तो जिथे थबकेल तिथे त्याला न समजावता पानावर खूण करावी आणि त्याच दिवशी मजकूर बदलावा.

शेवटी संपूर्ण मार्गदर्शिकेची पीडीएफ प्रत प्रत्येक संगणकावर उतरवून ठेवावी, कारण जून-जुलैच्या पावसात नेटवर्क गेले की ऑनलाइन प्रत उघडत नाही.