विदर्भातल्या खेड्यात बसून जहाजफुटीची कादंबरी कशी लिहावी

समुद्र न पाहिलेल्या लेखकाने आधी एक खरी दुर्घटना निवडावी. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून अलिबागजवळच्या रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली आणि मुंबईला ही बातमी कित्येक तासांनी कळली. हा उशीर कथेत जरूर वापरावा.

नायिका वर्ध्याजवळच्या कपाशीच्या गावातली, शिवणकाम करणारी तरुणी असावी. ती वाचली कशी, याचे उत्तर तिच्या गावातच शोधावे. वाळलेला भोपळा कमरेला बांधून ती लहानपणी विहिरीत पोहायला शिकली असेल, तर वाचकाला तिचे तरणे पटते. खरी अडचण मात्र कपड्यांची आहे: नऊवारी सुती लुगडे भिजले की जड होते आणि पायांत गुंतते, म्हणून कासोटा सोडून ते अंगावेगळे करण्याचा क्षण घाईने उरकू नये. कापडाचा पोत, विणीची दिशा आणि गाठीची जात बोटांनी ओळखणारी हीच बाई तो निर्णय अंधारातही घेऊ शकते. माझ्या मते कादंबरीचा प्राण याच प्रसंगात आहे.

लिहिण्यापूर्वी गावातल्या वृद्ध शिवणकाम करणाऱ्या बाईंजवळ बसून तुरपाई (कडेची हातशिलाई), काज (गुंडीचे घर) आणि अंगुस्तान (शिवताना बोटात घालायची टोपी) समजून घ्यावे, जुने लुगडे बादलीत भिजवून स्वतः उचलून पाहावे. काठावर पोचल्यावर नायिकेची सुई खाऱ्या पाण्याने गंजलेली दाखवावी.